‘खरे प्रेम’ या कल्पनेची चिकित्सा : विवाहसंस्थेच्या संदर्भात एक विवेचन

‘खरे प्रेम’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळलेला आहे की त्याची चिकित्सा करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. परंतु कोणतीही रूढ कल्पना शास्त्रीय विचाराच्या कक्षेत आणावयाची म्हणजे प्रथम तिच्या शब्दार्थाकडे पाहावे लागते. ‘खरे’ या विशेषणाला व्यवहारात दोन अर्थ आहेत. माणूस खरे बोलतो तेव्हा त्याच्या मनात आणि बोलण्यात अंतर नसते. नाणे खरे असते तेव्हा ते पारखून घेतलेले असते. पहिल्या अर्थी खरे प्रेम म्हणजे प्रामाणिक भावना, दुसऱ्या अर्थी कसाला उतरलेले नाते. लोकव्यवहारात हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले जातात आणि भावना प्रामाणिक असली की नातेही कसाला उतरलेच, असे मानले जाते. ही समजूत कितपत टिकते, आणि आधुनिक काळात कस कोणता लावावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. शब्दांची साक्ष

मराठीत या भावनेसाठी प्रेम, प्रीती, स्नेह, माया, लोभ असे अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाचे क्षेत्र निराळे आहे. माया वडीलधाऱ्यांची असते. पत्राच्या अखेरीस ‘लोभ असावा’ असे लिहिणारा आदरयुक्त आपुलकी मागत असतो. त्याहून अर्थपूर्ण आहेत ती या शब्दांना जोडून येणारी क्रियापदे. मराठी माणसाचे प्रेम ‘बसते’ किंवा ‘जडते’. तो कोणाला ‘जीव लावतो’. ‘प्रेमात पडणे’ हा प्रयोग इंग्रजी वळणाचा असून तो आता सर्वत्र रूढ झालेला आहे. पडणे ही क्षणात घडणारी आणि पडणाऱ्याच्या इच्छेबाहेरची घटना होय. बसणे व जडणे यांना काळ लागतो. लावणे ही तर सरळ कर्त्याची कृती आहे. अर्थात् प्रेम हा अपघात, प्रेम ही कालांतराने येणारी स्थिती आणि प्रेम ही जाणीवपूर्वक केलेली कृती, अशा तीन कल्पना एकाच भाषेत शेजारी शेजारी नांदत आहेत.

‘प्रेमविवाह’ हा सामासिक शब्दही असाच विचार करावयास लावणारा आहे. त्याच्या विरुद्ध बाजूस ‘ठरवून केलेले लग्न’ ठेवले जाते. या विभागणीत एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, पहिल्या प्रकारात प्रेम असते पण ठरवणे नसते आणि दुसऱ्यात ठरवणे असते पण प्रेम नसते. दोन्ही गृहीते अनुभवाला धरून नाहीत, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. भवभूतीचा राम

भारतीय परंपरेत दांपत्यप्रेमाची सर्वांत गंभीर व्याख्या शोधावयाची तर बहुतेक अभ्यासक भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’कडे वळतात. पहिल्या अंकातील एका प्रसिद्ध श्लोकात भवभूतीने सुखदुःखात अद्वैत असणारे, प्रत्येक अवस्थेत सोबत करणारे, म्हातारपणानेही ज्याची गोडी जात नाही आणि काळाच्या ओघात संकोचाची आवरणे गळून पडल्यावर जे परिपक्व होते, अशा प्रेमाचे वर्णन केले आहे. हे प्रेम ‘बसलेले’ आहे. त्यात क्षणिक आवेग नाही. केवळ लक्षणे पाहता खऱ्या प्रेमाची याहून चांगली व्याख्या सापडणे कठीण.

परंतु हा श्लोक नाटकात कोठे येतो, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. तो रामाच्या तोंडी आहे. चित्रे पाहून थकलेली गर्भवती सीता त्याच्या बाहूवर मस्तक ठेवून झोपली आहे आणि तिच्याकडे पाहून राम हे बोलतो. त्यानंतर थोड्याच वेळात दुर्मुख नावाचा हेर लोकापवादाची वार्ता घेऊन येतो आणि राम सीतेच्या त्यागाचा निर्णय घेतो. निर्णय होतो तेव्हाही सीता झोपेतच असते. तिला काही विचारले जात नाही आणि काही सांगितलेही जात नाही.

रामाची भावना खोटी होती, असे भवभूती कोठेही सुचवत नाही. उलट तिसऱ्या अंकातील त्याचा शोक पाहता ती भावना किती खोल होती हेच प्रत्ययास येते. म्हणजे पहिल्या अर्थी हे प्रेम निःसंशय खरे आहे. तरीही ज्या व्यक्तीवर ते आहे तिच्या आयुष्याचा निर्णय तिच्या अपरोक्ष घेण्यास ते आड आले नाही. नाटककाराने व्याख्या आणि विश्वासभंग एकाच अंकात शेजारी ठेवले आहेत. भावनेची खोली ही नात्याच्या सत्यतेची आवश्यक अट असू शकेल, पण ती पुरेशी अट नव्हे, असा निष्कर्ष येथून निघतो. उणीव कशाची राहिली, हा पुढचा प्रश्न.

३. रखमाबाईंचा खटला

त्या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या उच्च न्यायालयात एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात स्पष्टपणे पुढे आले. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या मात्र सासरी गेल्या नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून त्यांनी शिक्षण चालू ठेवले. १८८४ मध्ये दादाजींनी वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी दावा दाखल केला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निर्णय दिला. जे सहजीवन कधी सुरूच झाले नाही त्याची ‘पुनः’ स्थापना कशी करावयाची, आणि तरुण स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या स्वाधीन करणे कितपत माणुसकीचे, हा त्यांच्या निर्णयाचा गाभा होता. १८८६ मध्ये सरन्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी अपिलात तो निर्णय फिरवला. फेरसुनावणीनंतर ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी, पतीकडे जावे अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

या खटल्याकडे सामान्यतः बालविवाहाच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागील वादळात त्याचा वाटा होता. परंतु प्रेमाच्या कल्पनेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. रखमाबाईंना दुसऱ्या कोणावर प्रेम होते म्हणून त्यांनी नकार दिला, असे नव्हे. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, ज्या लग्नाला आपण समजून संमती दिली नाही ते आपल्यावर बंधनकारक असू नये. नकाराचा अधिकार नसेल तर होकाराला अर्थ उरत नाही, हे तत्त्व येथे प्रथमच इतक्या उघडपणे मांडले गेले. प्रेमाच्या अभावाची ही कहाणी असली तरी प्रेमाच्या शक्यतेची पहिली अट तीतून स्पष्ट होते.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ मधील कलम ९ अन्वये वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा आजही करता येतो. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले होते. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात ते वैध मानले. आता अशा हुकुमाची अवज्ञा केल्यास तुरुंग नाही. मालमत्तेची जप्ती होऊ शकते. सहवास न्यायालयाच्या हुकुमाने घडवून आणता येतो, प्रेम येत नाही. कायद्याला अशक्य असलेली गोष्ट कोणती, हे दाखवून रखमाबाईंचा खटला प्रेमाचे स्वरूप अधिक स्पष्ट करतो.

४. एक आक्षेप : रमाबाई आणि लक्ष्मीबाई

येथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होऊ शकतो. समजून दिलेली संमती ही अट मानली तर मागील पिढ्यांतील असंख्य दांपत्यांचे प्रेम खोटे ठरेल. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ मध्ये अकराव्या वर्षी झाले. न्यायमूर्ती रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि वडिलांच्या आग्रहापुढे त्यांना नमावे लागले होते. म्हणजे संमती, खऱ्या अर्थाने, दोघांचीही नव्हती. तरीही रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हे पुस्तक वाचताना त्या नात्यातील जिव्हाळ्याबद्दल शंका राहत नाही.

आक्षेप खरा आहे, परंतु त्याचे उत्तर त्याच पुस्तकात सापडते. रानड्यांनी पत्नीला शिकविले. घरातील स्त्रियांचा विरोध असतानाही ते शिक्षण थांबले नाही, आणि पुढे रमाबाई सेवासदनाच्या कार्यात स्वतःच्या बळावर उभ्या राहिल्या. म्हणजे जी संमती आरंभी घेता आली नाही ती देण्याची पात्रता नात्याच्या आत निर्माण केली गेली. अर्थात् हा संबंध समानांचा नव्हता. त्यात गुरुशिष्यभाव होता आणि रमाबाईंच्या लेखनातील भक्तिभाव तो लपवीत नाही. प्रेम होते, ते एका मोठ्या माणसाच्या औदार्यावर अवलंबून होते. औदार्य लाभले नाही तर काय, याचे उत्तर त्या व्यवस्थेजवळ नव्हते.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याहून पुढे जाते. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, ती पत्नीला विश्वासात न घेता. काही वर्षे दोघे वेगळी राहिली. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या त्या स्वतःचे आचार घेऊन. एका घरात दोन धर्म काही काळ नांदले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो नंतर, स्वतःच्या विचाराने. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास या नात्यातील भांडणे, रुसवे, विनोद आणि ओढ सारखीच जाणवते. पतीने एकदा एकट्याने निर्णय घेतला आणि त्याची किंमत दोघांनी मोजली. परतल्यावर मात्र लक्ष्मीबाईंना वेगळे राहण्याची मोकळीक मिळाली, म्हणूनच त्यांचे सोबत राहणे अर्थपूर्ण ठरले. भवभूतीच्या नाटकात जे सीतेला मिळाले नाही ते लक्ष्मीबाईंनी मिळविले, असे म्हणता येईल.

यावरून असे दिसते की संमती ही लग्नाच्या दिवशी एकदा द्यावयाची आणि संपवावयाची बाब नाही. ती नात्यात वेळोवेळी मागावी लागते. आरंभी ती नसली तर पुढे निर्माण होऊ शकते, आणि आरंभी असली तरी पुढे हरवू शकते.

५. एका उपनगरातील विवाहपद्धती

हे तत्त्व निरनिराळ्या विवाहपद्धतींना लावून पाहण्यास मुंबईचे सांताक्रूझ हे उपनगर उपयुक्त आहे. नावानेच पवित्र क्रुसाचा निर्देश करणाऱ्या या भागात कालिना व वाकोला येथे ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची जुनी वस्ती आहे. त्यांच्या शेजारी मराठी, गुजराती, कोकणी, मुस्लिम व बौद्ध कुटुंबे पिढ्यान्पिढ्या राहत आली आहेत. पूर्वेस मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी आहे, पश्चिमेस जुहूच्या बाजूला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा परिसर आहे आणि आर्य समाजाचे मंदिरही आहे. एक-दोन मैलांच्या टापूत लग्न लागण्याच्या चार-पाच भिन्न कल्पना येथे नांदतात.

कॅथलिक धर्मशास्त्राप्रमाणे विवाह घडतो तो वधूवरांच्या संमतीने. ती संमती त्यांच्या वतीने दुसरी कोणतीही मानवी सत्ता देऊ शकत नाही. धर्मगुरू हा साक्षी. इस्लाममध्ये निकाह हा करार असून प्रस्ताव व स्वीकार हे त्याचे अंग आहे. हिंदू परंपरेत विवाह हा संस्कार. त्यात कन्यादान हे पित्याचे कृत्य आहे, परंतु सप्तपदी ही दोघांनी मिळून चालावयाची आहे आणि सातव्या पावलाचा संबंध सख्याशी, म्हणजे मैत्रीशी आहे. मनुस्मृतीतील आठ विवाहप्रकारांत गांधर्व विवाह परस्परांच्या इच्छेवर आधारलेला आहे, पण स्मृतिकाराने तो कामातून उद्भवणारा म्हणून सांगितला आहे. परंपरेला परस्परेच्छा ठाऊक होती. तिच्यावर तिचा विश्वास मात्र बेताचाच होता.

तत्त्वतः संमतीला कोणत्याच पद्धतीत मज्जाव नाही. अडचण येते ती जात आणि धर्म यांच्या सीमेवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ च्या आपल्या निबंधात जातीचे मूळ सजातीय विवाहाच्या बंधनात दाखविले होते, आणि १९३६ मध्ये जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाचा पुरस्कार केला होता. २०११-१२ मधील भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास आढळले. म्हणजे आधुनिक शहरात प्रेमाची भाषा सर्वत्र ऐकू येत असली तरी प्रत्यक्ष निवड बहुधा आखून दिलेल्या रिंगणातच होते.

रिंगणाबाहेर पाऊल टाकणाऱ्यांसाठी दोन मार्ग राहिले. १८७५ मध्ये मुंबईतच स्थापन झालेल्या आर्य समाजाच्या पद्धतीने लागलेली भिन्नजातीय लग्ने १९३७ च्या आर्य विवाह वैधीकरण कायद्याने वैध ठरली. घरच्यांचा विरोध असलेली अनेक जोडपी त्यामुळेच या मंदिरांकडे वळत आली. दुसरा मार्ग विशेष विवाह कायदा, १९५४ चा. तो १ जानेवारी १९५५ पासून अमलात आहे. या कायद्याखाली धर्म न बदलता लग्न करता येते, परंतु तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात ठळक जागी लावली जाते आणि कोणालाही आक्षेप नोंदविता येतो. आक्षेप फक्त कायद्यातील अटींपुरता मर्यादित असला तरी, घरच्यांपासून लपून आलेल्या जोडप्याच्या दृष्टीने हे तीस दिवस सर्वांत धोक्याचे असतात. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटीस प्रसिद्ध करणे जोडप्याच्या इच्छेवर ठेवावे, असा निर्णय दिला. कायद्यातील तरतूद मात्र कायम आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये शासनाने आंतरधर्मीय विवाहांबाबत परिवार समन्वय समिती नेमली. प्रथम तिच्या कक्षेत आंतरजातीय विवाहही होते, ते काही दिवसांतच वगळण्यात आले.

लग्नापूर्वीच्या काळात आणखी एक साधी अडचण आहे, ती जागेची. दोन खोल्यांच्या घरात चार-पाच माणसे राहतात तेथे एकांत मिळत नाही, आणि लोकलच्या गर्दीत तो शोधावा लागतो. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ व अक्सा परिसरातील हॉटेलांतून पोलिसांनी सुमारे चाळीस जोडप्यांना ताब्यात घेतले आणि सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाची कलमे लावली. बंद खोली ही सार्वजनिक जागा कशी, हा प्रश्न त्या वेळी सर्वत्र विचारला गेला. दोन माणसांना एकमेकांना ओळखण्यासाठी वेळ व जागा लागते. ती नाकारली तर ओळखीवाचून संमती द्यावी लागते, आणि मग ती रखमाबाईंच्या काळातील संमतीपासून फार दूर राहत नाही.

६. आधुनिक सिद्धान्त आणि त्यांची मर्यादा

एरिक फ्रॉम यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रेम करण्याची कला’ या ग्रंथात प्रेम ही शिकावी लागणारी कृती मानली आणि काळजी, जबाबदारी, आदर व ज्ञान हे तिचे घटक सांगितले. मराठीतील ‘जीव लावणे’ या कल्पनेशी हा विचार जुळतो. रामाच्या प्रेमात यांपैकी काय होते आणि काय नव्हते, हे या चौकटीत नेमके सांगता येते. काळजी होती, सीतेच्या मताचा आदर नव्हता. अँथनी गिडन्स यांनी १९९२ मध्ये ‘शुद्ध संबंध’ ही कल्पना मांडली. दोघांनाही समाधान मिळते तोवरच टिकणारा, बाहेरच्या कोणत्याही आधारावर न उभारलेला संबंध, असा तिचा आशय आहे.

गिडन्स यांच्या कल्पनेत समता आहे, परंतु भवभूतीला महत्त्वाचा वाटलेला काळ त्यातून निसटतो. समाधान हीच एकमेव कसोटी असेल तर आजारपण, बेकारी, म्हातारपण या काळात नात्याने काय करावे? याउलट केवळ टिकाव हीच कसोटी मानली तर भीतीने किंवा निरुपायाने टिकलेले नातेही खरे म्हणावे लागेल. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा विवाहसदृश नात्यालाही लागू आहे. हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद आहे. या दोन्ही तरतुदींचा अर्थ एवढाच की, नात्यातून सुरक्षितपणे बाहेर पडता येणे ही नात्यात राहण्याला अर्थ येण्याची अट आहे. उंबरठा ओलांडण्याची मोकळीक असताना जो थांबतो त्याचे थांबणे हे प्रेमाचे प्रमाण होय.

या संदर्भात सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) हे पुस्तक उल्लेखनीय आहे. १९४६ मध्ये नोंदणी पद्धतीने, आपापल्या निवडीने झालेले हे लग्न अर्धशतकाहून अधिक काळ टिकले. पु. ल. देशपांडे यांच्या लोकप्रियतेमुळे ते आदर्श म्हणून पाहिले जाई. सुनीताबाईंनी त्यातील उणिवा, स्वतःची कठोरता आणि घरकामाचा असमान भार यांविषयी स्पष्टपणे लिहिले, तेव्हा पुष्कळ वाचक दुखावले. परंतु नात्याबद्दल खरे बोलता येणे आणि तरीही त्या नात्यात राहणे, यात विरोध नाही हेच त्या पुस्तकाने दाखविले. लेखाच्या आरंभी सांगितलेले ‘खरे’ या शब्दाचे दोन अर्थ येथे एकत्र येतात. जे नाते सत्यकथन सहन करते तेच कसाला उतरते.

७. उपसंहार

वरील विवेचनातून तीन कसोट्या हाती येतात. पहिली संमतीची : दोघांनाही नकार देण्याचा अधिकार असावा आणि तो नात्याच्या प्रत्येक टप्प्यावर शाबूत राहावा. दुसरी सत्याची : एकाच्या आयुष्यासंबंधीचा निर्णय दुसऱ्याने त्याच्या अपरोक्ष घेऊ नये आणि मनातले बोलण्याची भीती वाटू नये. तिसरी काळाची : समाधान कमी झालेल्या दिवसांतही जबाबदारी सोडली जाऊ नये. यांपैकी एकही कसोटी भावनेच्या उत्कटतेला कमी लेखीत नाही. उत्कटता मात्र या तिन्हींची जागा घेऊ शकत नाही.

भवभूतीला तिसरी कसोटी पूर्णपणे ठाऊक होती. पहिल्या दोन कसोट्या मराठी समाजाला स्त्रियांनी शिकविल्या : एकीने न्यायालयात उभे राहून, दुसरीने पतीच्या घरी आपला आचार सांभाळून, तिसरीने लेखणी हाती घेऊन. सांताक्रूझच्या विवाह कार्यालयात किंवा प्रार्थनामंदिरात आज नाव नोंदविणाऱ्या जोडप्याला हा इतिहास ठाऊक असेलच असे नाही. पण त्यांच्यापैकी प्रत्येकाला स्वतंत्रपणे जेव्हा विचारले जाते की हे लग्न तुम्हाला मान्य आहे काय, तेव्हा त्या साध्या प्रश्नामागे हा सारा इतिहास उभा असतो. झोपलेल्या सीतेला हाच प्रश्न विचारावयाचा राहून गेला होता.